दुखण्याची नोंद

दरवर्षी थंडी सुरू झाली की आपल्याकडची कितीतरी मंडळी भोपाळच्या आलमी तब्लिगी इज्तिमाला जातात. कुणी मालेगावहून, कुणी परभणीहून, कुणी मुंब्र्याहून. बिछान्याची वळकटी आणि लोटा घेऊन जमातीतले साथी भोपाळ स्टेशनवर उतरतात आणि तिथून शहराबाहेर ईंटखेडीच्या मैदानाकडे निघतात. पूर्वी हा इज्तिमा शहरातच, ताज-उल-मसाजिदच्या आवारात भरायचा. परतल्यावर बयान, तलाव, बेगमांच्या काळातल्या इमारती, सगळ्याबद्दल ऐकायला मिळते. ज्या स्टेशनावर ही मंडळी उतरतात, त्याच्याबद्दल मात्र कुणी बोलत नाही.

2 डिसेंबर 1984 च्या रात्री त्या स्टेशनवर गुलाम दस्तगीर नावाचे अधिकारी ड्युटीवर होते. मध्यरात्रीनंतर हवेत काहीतरी जळजळीत आहे, डोळ्यांत मिरचीची पूड गेल्यासारखे होते आहे, एवढेच त्यांना कळले. फलाटावर मुंबईकडे जाणारी गाडी प्रवाशांनी भरून उभी होती. तिची वेळ झाली नव्हती, वरिष्ठांची परवानगी घ्यायला वेळ नव्हता. दस्तगीर साहेबांनी आपल्या जबाबदारीवर गाडी वेळेआधी सोडली. बाकीच्या गाड्या भोपाळला येऊ नयेत म्हणून पुढच्या-मागच्या स्टेशनांना निरोप धाडले आणि रात्रभर फलाटावरच्या माणसांत राहिले. त्यांचे स्वतःचे घरही त्याच शहरात होते. त्या रात्रीचा वायू त्यांच्या घशात बसला तो कायमचा. पुढची बरीच वर्षे दवाखान्याच्या फेऱ्यांत गेली आणि 2003 मध्ये त्यांचा इंतकाल झाला. अलीकडे या प्रसंगावर मालिका आली तेव्हा आपल्या घरांतल्या तरुण मुलांना हे नाव कळले.

दस्तगीर साहेबांचे आजारपण वायूमुळेच होते, हा उल्लेख त्यांच्या मृत्यूच्या दाखल्यावर होता, असे त्यांच्याविषयीच्या वृत्तांत आले आहे. वाचताना मी या वाक्यावर थांबले. कारण भोपाळमध्ये हजारो माणसे अशी गेली की त्यांच्या कागदावर टीबी लिहिले गेले, दमा लिहिला गेला, अशक्तपणा लिहिला गेला, वायू मात्र कुठेच लिहिला गेला नाही. आणि ज्याचा आजार कागदावर नाही, त्याच्या इलाजाची जबाबदारी सरकारवर येत नाही.

वायू कोणता, हेच ठाऊक नाही

युनियन कार्बाइडच्या कीटकनाशक कारखान्यातल्या 610 क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरले आणि सुमारे 40 टन मिथाइल आयसोसायनेट बाहेर पडले. कारखान्याच्या भिंतीला लागूनच जयप्रकाश नगर, काझी कॅम्प, छोला, रेल्वे कॉलनी अशा दाट वस्त्या होत्या. विडी वळणारे, हमाल, टांगेवाले, गवंडी, शिलाईकाम करणाऱ्या बायका. त्यांत मुसलमान मोठ्या संख्येने होते, दलितही होते. पुढे शहराचे 56 पैकी 36 वॉर्ड बाधित म्हणून जाहीर झाले. बाधितांचा आकडा पाच लाखांच्या वर गेला. मृतांची सरकारी संख्या सुरुवातीला दोन हजारांच्या थोडी वर होती, ती वाढत वाढत पाच हजारांच्या पुढे गेली. संघटनांच्या मते खरी संख्या याच्या कितीतरी पट आहे. पहिल्या दोन-तीन दिवसांत कबरस्तानांत आणि स्मशानांत जागा पुरली नाही, तेव्हा मोजायला कोण बसणार होते?

हमीदिया रुग्णालयात त्या रात्री माणसांचा लोंढा आला. डॉक्टर कमी पडले हे तर खरेच, पण त्याहून वाईट गोष्ट म्हणजे इलाज कशावर करायचा हे कुणालाच ठाऊक नव्हते. कंपनीच्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडून कळले ते इतकेच, की हा वायू अश्रुधुरासारखा आहे, डोळे पाण्याने धुवा. वायूत नेमके काय काय होते, शरीरात जाऊन त्याचे काय होते, याची पूर्ण माहिती कंपनीने कधीच खुली केली नाही.

यातूनच सोडियम थायोसल्फेटचा वाद उभा राहिला. सायनाइडची विषबाधा झाल्यावर हे इंजेक्शन देतात. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांना मृतदेहांत सायनाइडसारख्या विषाच्या खुणा दिसत होत्या. जर्मनीहून आलेल्या विषतज्ज्ञाने हे इंजेक्शन सुचवले. पण कंपनी आणि काही सरकारी अधिकारी म्हणत होते की सायनाइडचा प्रश्नच नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, जानेवारी 1985 मध्ये रीतसर चाचणी घेतली, फायदा होतो असे आढळले आणि फेब्रुवारीत शिफारसही केली. तरीही मोठ्या प्रमाणावर ते दिले गेले नाही. वस्तीत काही तरुण डॉक्टरांनी जनस्वास्थ्य केंद्र उघडून इंजेक्शने द्यायला आणि रुग्ण आधी कसा होता, नंतर कसा आहे याच्या नोंदी ठेवायला सुरुवात केली. जून 1985 मध्ये पोलिसांनी तिथे धाड घातली. डॉक्टरांना अटक झाली, नोंदी जप्त झाल्या. इंजेक्शनचा परिणाम दाखवणारा कागद हाच जणू गुन्ह्याचा पुरावा ठरला.

महाराष्ट्रातून गेलेले डॉक्टर

त्या महिन्यांत महाराष्ट्रातले काही डॉक्टर भोपाळला गेले, हे आपल्या मराठी वाचकांना ठाऊक असायला हवे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या छातीरोग विभागाच्या डॉ. एस. आर. कामत यांच्या चमूने बाधितांच्या फुप्फुसांची तपासणी केली आणि त्यांचा पाठपुरावा चालू ठेवला. मेडिको फ्रेंड सर्कल या डॉक्टरांच्या गटाने मार्च 1985 मध्ये जयप्रकाश नगरच्या रहिवाशांची तुलना कारखान्यापासून दूरच्या अण्णा नगरच्या रहिवाशांशी केली, म्हणजे गरिबीमुळे होणारे आजार कोणते आणि वायूमुळे झालेले कोणते हे वेगळे काढता यावे. पुढे गडचिरोलीत 'सर्च' संस्था उभारणाऱ्या डॉ. राणी बंग त्या वेळी भोपाळच्या वस्त्यांत बायकांची तपासणी करत होत्या.

ही शेवटची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. बायका सांगत होत्या की पाळी बिघडली आहे, पांढरे जाते आहे, पोटात दुखते आहे, दूध आटले आहे. हे आजार गरीब बायकांना नेहमीच असतात, असे म्हणून सरकारी डॉक्टर वाटेला लावत. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासून लिहिले की नाही, हे नेहमीचे नाही, या वस्त्यांत स्त्रियांच्या आजारांची साथच आली आहे. डॉ. दया वर्मा यांनी कारखान्याच्या अगदी जवळ राहणाऱ्या आणि त्या रात्री गरोदर असलेल्या 865 स्त्रियांची माहिती गोळा केली. त्यांपैकी 43 टक्के स्त्रियांच्या गर्भारपणातून जिवंत मूल जन्माला आले नाही. जी जन्मली त्यांतली 14 टक्के पहिल्याच महिन्यात गेली.

आपल्या घरांत पडद्याची, लाजेची सवय असते. बाईने आपले दुखणे सांगायचे नसते, सांगितले तरी सासूच्या नाहीतर नणंदेच्या कानात. काझी कॅम्पमधल्या ज्या बायकांनी कॅम्पात येऊन परक्या डॉक्टरणीसमोर हे बोलून दाखवले, त्यांच्यामुळेच ते आज कुठेतरी लिहिलेले आहे.

मनावर झालेला असर

फुप्फुसे आणि डोळे दिसतात तरी. मनाचे काय? त्या वेळी सबंध मध्य प्रदेशातल्या पाचही वैद्यकीय महाविद्यालयांच्या अध्यापकवर्गात एकही मनोविकारतज्ज्ञ नव्हता. फेब्रुवारी 1985 मध्ये लखनौच्या किंग जॉर्ज मेडिकल कॉलेजचा चमू आला आणि त्यांनी बाधित भागातल्या दहा दवाखान्यांत बसून 855 रुग्ण तपासले. खोकला, दम, डोळे अशा तक्रारी घेऊन आलेल्या या रुग्णांपैकी 193 जणांना, म्हणजे साडेबावीस टक्क्यांना, मनाचा आजार होता. त्यांत दर पाचांत चार स्त्रिया होत्या. बहुतेक पंचेचाळिशीच्या आतल्या. नैराश्य होते, सतत घाबरेपणा होता, आणि सावरता न येणारे दुःख होते.

बंगळूरच्या निम्हान्स संस्थेचे डॉ. आर. श्रीनिवास मूर्ती यांनी यावर उपाय काढला तो साधा होता. एवढे मनोविकारतज्ज्ञ आणणार कुठून? म्हणून दवाखान्यांतल्या साध्या एमबीबीएस डॉक्टरांनाच थोडे प्रशिक्षण द्यायचे. त्यांच्यासाठी पुस्तिका तयार झाली. एप्रिल 1985 मध्ये प्रशिक्षणाचे वर्ग झाले. झोप लागते का, जेवण जाते का, मरावेसे वाटते का, हे रुग्णाला कसे विचारायचे, कोणते औषध किती द्यायचे, नुसते ऐकून कधी घ्यायचे. आज देशात कुठेही भूकंप किंवा पूर आला की मानसोपचाराची पथके जातात. त्या कामाची एक मोठी सुरुवात भोपाळच्या गल्ल्यांतली आहे.

पण हे काम टिकले नाही. पुढे भरपाईचे वर्ग ठरले, त्यांत मनाच्या आजाराला स्वतःची जागा मिळाली नाही. जी बाई रात्री दाराची कडी चारचारदा तपासते, गॅसच्या शेगडीचा वास आला की अंगणात पळते, जिला नवऱ्याचा आणि दोन मुलांचा जनाजा एकाच दिवशी निघालेला आठवतो, तिच्या कागदावर काय लिहायचे? आपल्या समाजात अशा बाईला असर झाला, नजर लागली असे म्हणून तावीज बांधायची रीत अजून गेलेली नाही. दुआ जरूर करावी, मीही करते. पण बाईला डॉक्टरकडे नेण्याऐवजी तावीज, हे मला पटत नाही.

चाळीस माणसे

1985 मध्ये केंद्र सरकारने कायदा करून सर्व बाधितांच्या वतीने दावा लढवण्याचा हक्क आपल्याकडे घेतला. फेब्रुवारी 1989 मध्ये सर्वोच्च न्यायालयात तडजोड झाली. 47 कोटी डॉलर, तेव्हाच्या हिशेबाने सुमारे 715 कोटी रुपये. बाधितांना विचारलेले नव्हते. तडजोडीत मृत सुमारे तीन हजार आणि जखमी लाखभर धरले होते. पुढे दाव्यांचा निकाल लागत गेला, तेव्हा भरपाईस पात्र ठरलेल्यांची संख्या 5 लाख 74 हजारांच्या घरात गेली. म्हणजे लाखभरांसाठी शिजवलेली देग जवळपास सहा लाखांच्या पंगतीत वाढायची होती. बहुसंख्यांच्या हातात 25 हजार रुपये आले, आणि 2004 नंतर तेवढेच आणखी.

आकडे इतके चुकले कसे, याचे उत्तर तपासणीच्या पद्धतीत आहे. दावे ठरवण्यासाठी सरकारने सुमारे 3 लाख 62 हजार लोकांच्या वैद्यकीय कागदांवरून वर्गवारी केली. 1 लाख 55 हजारांच्या वर लोकांना काहीच इजा नाही असे ठरले. 1 लाख 73 हजारांच्या वर लोकांची इजा तात्पुरती ठरली. कायमची आणि पूर्ण अपंगत्व आलेली माणसे किती निघाली? 40. साऱ्या भोपाळात चाळीस.

हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा छपाईची चूक असेल असे मला वाटले. ती नव्हती. ज्याच्याजवळ 1984-85 चा दवाखान्याचा कागद, एक्स-रे, औषधाची चिठ्ठी होती त्याला गुण मिळत. ज्याच्याजवळ नव्हती, त्याला नाही. त्या रात्री अंगावरच्या कपड्यांनिशी धावलेल्या माणसाने चिठ्ठी सांभाळायची होती. ज्या दवाखान्यांत एकेका दिवसात हजारोंची रांग होती, तिथल्या डॉक्टरने प्रत्येकाला नाव घालून कागद द्यायचा होता.

शाळेत काम करणाऱ्याला कागदाचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. जनरल रजिस्टरात पहिलीला जी जन्मतारीख आणि जे आडनाव लिहिले गेले, ते पुढे आयुष्यभर माणसाच्या मागे लागते. 'शेख' की 'शेख', 'मोहम्मद' की 'मुहम्मद' म्हणून पालक दुरुस्तीसाठी खेटे घालतात ते मी रोज पाहते. आणि कुरआनमधली सर्वांत मोठी आयत कोणती? सूरह बकरहमधली, देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवा, लिहिणाऱ्याने खरे लिहावे, साक्षीदार घ्या, असे सांगणारी. आपण ती उधारीपुरती वाचतो. भोपाळच्या बाबतीत मला ती नेहमी आठवते, कारण इथे देणेकरी एक कंपनी आणि एक सरकार होते, आणि लिहिणारा खरे लिहीत नव्हता.

इमारत उभी राहिली, डॉक्टर टिकले नाहीत

सरकारने काहीच केले नाही, असे म्हणणे मात्र खोटे ठरेल. राज्य सरकारने गॅसबाधितांसाठी स्वतंत्र विभाग काढला, कमला नेहरू, जवाहरलाल नेहरू, शाकिर अली खान, इंदिरा गांधी महिला व बाल अशी रुग्णालये उभी केली. आयसीएमआरने सुरुवातीला 80 हजारांच्या वर बाधित आणि तुलनेसाठी सुमारे 16 हजार इतर लोकांची नोंद करून वर्षानुवर्षांचा अभ्यास हाती घेतला. हे काम मोठे होते. पण 1994 मध्ये हे अभ्यास थांबवले गेले. ज्या आजारांना दिसायला दहा-वीस वर्षे लागतात, कर्करोग, मूत्रपिंडाचे विकार, पुढच्या पिढीतले दोष, त्यांच्यासाठी दहा वर्षांत वही मिटली. त्या अभ्यासांचा मोठा अहवाल छापून आला तो दुर्घटनेनंतर वीस वर्षांनी.

1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तडजोड कायम ठेवताना दोन गोष्टी सांगितल्या होत्या. एक, कंपनीच्या पैशांतून बाधितांसाठी मोठे रुग्णालय उभे करावे. दुसरी गोष्ट फारशी कुणाला माहीत नाही. ज्यांना आज लक्षणे नाहीत पण पुढे दिसू शकतील अशांसाठी, आणि बाधित आयांच्या पोटी नंतर जन्मणाऱ्या मुलांसाठीही, सुमारे एक लाख लोकांचा आठ वर्षांचा वैद्यकीय विमा केंद्र सरकारने उतरवावा. किती दूरदृष्टीचा हुकूम! पण विमा कधी उतरवलाच गेला नाही. वाढीव भरपाईसाठी केंद्राने केलेली याचिका 14 मार्च 2023 रोजी फेटाळताना सर्वोच्च न्यायालयानेच हे सरकारचे घोर दुर्लक्ष असल्याचे म्हटले. बत्तीस वर्षांनी. तोवर ती मुले स्वतः आईबाप झाली होती.

रुग्णालय मात्र झाले. भारतीय कंपनीतले युनियन कार्बाइडचे शेअर न्यायालयाने जप्त केले होते, ते 1994 मध्ये विकले गेले आणि त्या पैशांतून भोपाळ मेमोरियल हॉस्पिटल अँड रिसर्च सेंटर उभे राहिले. 2000 मध्ये ते सुरू झाले. साडेतीनशे खाटा, हृदय, मूत्रपिंड, मेंदू असे विभाग, आणि वस्त्यांत आठ छोटी आरोग्य केंद्रे. बाधितांना इलाज मोफत. भारताचे माजी सरन्यायाधीश ए. एम. अहमदी बरीच वर्षे त्याच्या ट्रस्टचे अध्यक्ष होते. 2010 मध्ये ट्रस्ट बरखास्त झाला आणि रुग्णालय केंद्र सरकारकडे आले. पुढे ते आयसीएमआरच्या ताब्यात गेले.

या रुग्णालयाने असंख्य लोकांना जगवले, हे तिथले लोक आजही मान्य करतात. पण तज्ज्ञ डॉक्टर येतात आणि जातात. एखाद्या विभागाला वर्षानुवर्षे तज्ज्ञच नाही, मग रुग्णाला दुसरीकडे पाठवा, हे चालूच राहिले. मधल्या काळात तिथे बाधितांवर नव्या औषधांच्या चाचण्या घेतल्या गेल्या. आपल्यावर चाचणी होते आहे हे आम्हाला सांगितलेच नाही, असे रुग्णांनी आणि त्यांच्या संघटनांनी म्हटले. आणि मार्च 2020 मध्ये, कोविडची साथ येताच, हे अख्खे रुग्णालय राज्य सरकारने फक्त कोविडसाठी घेतले. ज्यांची फुप्फुसे आधीच गेलेली होती अशा माणसांचे दार बंद झाले. एप्रिलच्या मध्याला, संघटना न्यायालयात गेल्यावर, तो आदेश मागे घेतला गेला. भोपाळमधल्या कोविडच्या पहिल्या मृत्यूंत गॅसबाधितच मोठ्या संख्येने होते.

खैरात नको म्हणणारे

हा सगळा इतिहास आज लिहिता येतो तो प्रामुख्याने भोपाळच्या बायकांमुळे. रशिदा बी विडी वळणाऱ्या, अगदी पडद्यातल्या. सरकारच्या एका प्रशिक्षण केंद्रात त्यांची गाठ चंपादेवी शुक्ला यांच्याशी पडली. काम संपले, घरी जा, असे सांगितल्यावर दोघींनी बायकांची संघटना बांधली. 1989 मध्ये बायकामुलांना घेऊन त्या पायी दिल्लीला गेल्या, कुणाला रस्ताही नीट माहीत नव्हता. 2004 मध्ये दोघींना पर्यावरणाचा गोल्डमन पुरस्कार मिळाला आणि ती रक्कम त्यांनी चिंगारी ट्रस्टसाठी दिली. बाधितांच्या घरी व्यंग घेऊन जन्मलेल्या मुलांवर तिथे उपचार होतात, फिजिओथेरपी होते. सरकारने जी मुले मोजलीच नाहीत, त्यांना मोजणारी ती जागा आहे. 1996 मध्ये लोकांच्या देणग्यांतून सुरू झालेल्या संभावना दवाखान्यातही येणाऱ्या प्रत्येक रुग्णाची नीट नोंद ठेवली जाते.

आणि अब्दुल जब्बार, सगळ्यांचे जब्बारभाई. त्यांचे आई, वडील आणि भाऊ गेले, स्वतःची दृष्टी आणि फुप्फुसे अधू झाली. हजारो बायकांची संघटना त्यांनी चालवली. शाहजहानी पार्कात दर शनिवारी सभा भरायची. खैरात नको, काम द्या, हे त्यांचे म्हणणे असायचे, म्हणून त्यांनी शिलाईचे केंद्र काढले. संघटनेच्या नावाने ते न्यायालयात पुन्हा पुन्हा गेले. शेवटच्या आजारपणात मात्र त्यांच्या इलाजासाठी दोस्तांना लोकांकडे मदत मागावी लागली. 14 नोव्हेंबर 2019 रोजी ते गेले. पुढच्या वर्षी सरकारने त्यांना मरणोत्तर पद्मश्री दिली.

त्यांच्याच संघटनेच्या याचिकेवर 9 ऑगस्ट 2012 रोजी सर्वोच्च न्यायालयाने जो निकाल दिला, तो मला सगळ्यांत जास्त शहाणपणाचा वाटतो. प्रत्येक बाधिताला आरोग्य पुस्तिका आणि स्मार्ट कार्ड द्या. सगळ्या रुग्णालयांच्या नोंदी संगणकावर आणून एकमेकांना जोडा. डॉक्टरांच्या जागा भरा. कोणत्या आजाराला कोणता इलाज, हे एकसारखे ठरवा. देखरेखीसाठी समिती नेमा आणि पुढचे लक्ष मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने ठेवावे. म्हणजे अठ्ठावीस वर्षांनी न्यायालयाने पुन्हा तेच सांगितले, की आधी दुखणे लिहून घ्या.

त्याचे पालन झाले नाही म्हणून 2015 मध्ये अवमानाची याचिका करावी लागली आणि 2023 मध्ये उच्च न्यायालयाने अधिकाऱ्यांविरुद्ध कारवाई सुरू केली. मग नोंदी संगणकावर आणण्याचे काम हलले. 2025 च्या सुरुवातीला न्यायालयाला सांगण्यात आले की 2014 पूर्वीचे कागद फार जुने आहेत, दिवसाला सुमारे 3,000 पानेच स्कॅन करता येतात, पाने सुमारे 17 लाख आहेत, आणि त्याला साधारण 550 दिवस लागतील.

सतरा लाख पाने. यंदा इज्तिमाला जाणाऱ्यांपैकी कुणाला सवड झाली, तर त्यांनी स्टेशनहून काझी कॅम्पाकडे जरूर जावे. अंतर फार नाही. तिथल्या कोणत्याही साठी-सत्तरीच्या खालांना विचारा. घराच्या कोनाड्यात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेले कागद त्या काढून दाखवतील. पिवळी पडलेली चिठ्ठी, घडीवर फाटलेला एक्स-रे, दाव्याच्या कचेरीची पावती. ते कागद त्या सतरा लाखांत आहेत की नाहीत, हे त्यांना अजून कुणी सांगितलेले नाही.